चुकायला जागा

"कोण पाहिजे आपल्याला?"

दार दाजींनी उघडलं होतं. एका हाताने कडी धरून ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते. चेहरा अगदी गंभीर.

"वीज मंडळातून आलेय," मी म्हटलं. "तुमचं मीटर काढून न्यायचंय."

आणि हसत हसत मी त्यांच्या बाजूने आत शिरले. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आक्काचं लग्न झालं तेव्हा मी परकर-पोलक्यात होते, आणि लग्नाच्या मांडवापासूनच त्यांनी मेहुणीची थट्टा सुरू केली ती कधी थांबवली नाही. एका दसऱ्याला मी सोनं द्यायला गेले, तर "आमच्याकडे नको, पुढच्या घरी बघा," म्हणून त्यांनी दार लावून घेतलं होतं. मी खरंच फाटकापर्यंत परत गेले होते. आक्काने धावत येऊन आणलं. तेव्हा आज त्यांनी मला ओळख दाखवली नाही यात नवीन काहीच नव्हतं, आणि उलट टोला द्यायला मीही आता पन्नाशीची झाले होते.

आक्का स्वयंपाकघराच्या दारात उलथनं घेऊन उभी होती. ती हसली नाही. तिला मुलाखतीचं टेन्शन आलंय असं मी धरून चालले.

मुलाखत अमेरिकेच्या व्हिसाची होती. आक्काची एकुलती एक लेक वृषाली न्यू जर्सीत होती आणि तिला दिवस गेले होते. याआधी दोनदा टिकलं नव्हतं. या खेपेला डॉक्टरांनी तिला जवळजवळ झोपवूनच ठेवलं होतं. जावयाची नोकरी दुसऱ्या गावाला, तो फक्त शनिवार-रविवार घरी. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायचं. लेक माहेरी येऊ शकत नसेल तर माहेर बॅगेत भरून तिच्याकडे जातं. आक्काची बॅग भरून तयार होती. हळीव, खारकांची पूड, बाळाची झबली, दोन मऊ जुनी लुगडी. डिंकाचे लाडू तेवढे व्हिसा हातात पडल्यावर वळायचे ठेवले होते.

आणि व्हिसा मिळवून द्यायची जबाबदारी माझी होती.

मी मुलींच्या शाळेत इंग्लिश शिकवत होते. कोल्हापुरातली किती तरी माणसं पोराबाळांकडे परदेशी जायच्या आधी माझ्याकडे येऊन बसत. मी त्यांना वाक्यं बसवून द्यायचे. एकासारख्या दिसणाऱ्या शब्दांची गल्लत मला मुळीच खपायची नाही. एका लग्नाच्या पंगतीत नवऱ्याला 'हाय' आणि 'टॉल' यातला फरक समजावताना जिलबी वाढणारा आमच्यावरून निघून गेला, हे तो अजून ऐकवतो.

जेवणाच्या टेबलाशी बसून आम्ही सुरुवात केली.

"हं. मी ऑफिसर. व्हाय आर यू गोइंग टू अमेरिका?"

"टू लुक आफ्टर माय डॉटर."

"चूक."

"का? लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं ना? मग सांभाळायलाच चाललेय की. फिरायला कुठं चाललेय?"

"म्हणूनच ते म्हणायचं नाही. लुक आफ्टर म्हटलं की ते काम झालं. तू पाहुणी म्हणून चाललीयस. पाहुण्याने तिकडे जाऊन काम करायचं नसतं. म्हणायचं, टू बी विथ माय डॉटर."

"म्हणजे सोबतीला."

"हां, सोबतीला."

"आणि मग स्वयंपाक, बाळाची आंघोळ, तेल लावणं, शेक-शेगडी, ते सगळं कोण करणार?"

"तूच करणार. फक्त सांगायचं नाही."

"खोटं बोलायचं?"

"खोटं कुठंय गं? दोन्ही शब्द खरे आहेत. त्यातला हलका तो उचलायचा."

आक्काने दोन्ही वाक्यं एकामागून एक म्हणून बघितली. पातळ पोह्यांतून खडे वेचावेत तशी ती शब्द बाजूला काढत होती. ती जुनी मॅट्रिक होती. डोकं माझ्यापेक्षा चांगलं, पण लग्न लवकर झालं आणि ते डोकं घरात वापरलं गेलं.

"किती दिवस राहणार विचारलं तर?"

"आय विल व्हिजिट फॉर थ्री मंथ्स. व्हिजिट म्हणायचं. लिव्ह म्हटलंस तर त्यांना वाटेल, ही बाई बिऱ्हाड थाटायला आली. आणि तिला गरज असेल तोवर राहीन असलं काही बोलू नकोस. गरज हा शब्दच नको."

"कुंदा," ती म्हणाली, "ज्याला सांभाळायची गरज आहे, त्याच्या नुसतं सोबत राहून भागतं का गं?"

"इंग्लिशमध्ये भागतं," मी म्हटलं. मला माझं उत्तर फार आवडलं.

बाहेर काहीतरी ओढल्याचा आवाज आला. दाजी आतली लाकडी खुर्ची ओढत व्हरांड्यात नेत होते. भिंतीवर मीटर होतं, त्याच्या बरोबर खाली त्यांनी ती ठेवली आणि हाताची घडी घालून बसले.

"उकडतंय वाटतं दाजींना."

"हं," आक्का म्हणाली. मग तिने विचारलं, "मराठीत बोललं तरी चालतं म्हणे तिथे. वरच्या आळीतल्या शहाकाकू मराठीतच बोलून आल्या."

"त्या बोलल्या असतील. तू माझी बहीण आहेस. अख्ख्या गावाला मी इंग्लिश शिकवते आणि माझी सख्खी बहीण तिथे जाऊन दुभाष्या मागणार?"

आक्का माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मला वाटलं वाद घालील. पण ती म्हणाली, "बरं. इंग्लिशमध्येच बोलते."

"आणि दाजींची काळजी करू नकोस. तू तिकडे असशील तोवर जेवायला माझ्याकडे येऊ देत. मी बघीन त्यांच्याकडे."

"तू बघशील?"

"न बघायला काय झालं?"

तिने उठून टेबल पुसायला घेतलं. टेबल स्वच्छच होतं.

निघताना दाजी व्हरांड्यात तसेच बसलेले होते. मला बघून अदबीने उठले.

"बाई, मीटर एवढं राहू द्या," ते म्हणाले. "संध्याकाळी मुलीचा फोन येतो."

"बरं बरं," मी हसून म्हटलं. "आजच्या दिवस सोडते."

घरी जाऊन मी नवऱ्याला सांगितलं, या वयातसुद्धा दाजींची थट्टा किती ताजी आहे बघा. तोही हसला.

मुंबईला आम्ही दोघीच गेलो. वाटेत गाडी जिथे जिथे थांबली तिथे आक्का आधी फोनचा बूथ शोधायची. शेजारच्या पाटीलवहिनींना ती दाजींपाशी बसवून आली होती. "वर्षभरासाठी चालल्यासारखं काय करतीस?" मी तिला चिडवलं. बाकीचा वेळ मी तिची वाक्यं घेत होते. एकही चुकत नव्हतं. बी विथ, व्हिजिट, थ्री मंथ्स. पुण्यापुढे गेल्यावर मी पुस्तक मिटलं आणि निवांत झोपले.

वकिलातीत मला आत सोडलं नाही. समोरच्या फुटपाथवर तिची पर्स घेऊन मी उभी राहिले. आजूबाजूला माझ्यासारखीच माणसं. कुणी देवाचं नाव घेत होतं, कुणी वडापाव खात होतं. बाहेर येणाऱ्याच्या चालीवरून कळायचं, मिळाला की नाही. आक्का बाहेर आली तेव्हा मात्र मला काही कळलं नाही. ती रोज बाजारातून येते तशीच आली.

"मिळाला?"

"नाही म्हणाला."

"का? काय विचारलं त्याने?"

"तू विचारलेलंच. कशाला चाललायत. मी म्हटलं, टू लुक आफ्टर माय डॉटर अँड बेबी."

"पुढे?"

"मग विचारलं, म्हणजे काय काय करणार? मी म्हटलं, कुकिंग, मसाज, बेबी बाथ, एव्हरीथिंग. किती दिवस, तर म्हटलं, अ‍ॅज लाँग अ‍ॅज शी नीड्स मी."

"आक्का! गाडीत सगळं बरोबर म्हणत होतीस की गं!"

"तोंडात आलं ते गेलं," ती म्हणाली. "इथे बूथ कुठे आहे बघ ना. घरी फोन करायचाय."

मी रस्त्यातच रडायला लागले. तिने पर्समधून रुमाल काढून माझ्या हातात दिला. रडायचं तिने आणि समजूत मी घालायची, हे उलटं झालंय हे मला तेव्हाही जाणवलं, पण ती पहिल्यापासून खंबीर म्हणून मी तिचं कौतुकच केलं. पुन्हा अर्ज करू म्हटलं तर म्हणाली, "नको. एकदा नाही म्हटलेल्या दारात मी परत जायची नाही."

वृषालीचा फोन दुसऱ्या दिवशी आला. तो मला नको होता.

"मावशी, अख्ख्या कोल्हापूरला शिकवलंस नि माझ्या आईला तीन वाक्यं शिकवता आली नाहीत तुला? मराठीत का नाही बोलू दिलंस? का नाही?"

वृषालीची मुलगी मैथिली दिवस भरायच्या आधीच जन्मली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि वृषाली एकटी घर ते हॉस्पिटल करत होती. पोरीच्या अंगावर तेलाचा हात फिरवायला कुणी नव्हतं, वृषालीला गरम भात वाढायला कुणी नव्हतं. ती आक्काला फोन करून नुसती रडायची. आक्का रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून "हं, हं" करत राहायची, आणि समोर बसलेल्या मला जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं. त्या बॅगेतला हळीव आक्काने परत डब्यात ओतला, तेव्हा मी तिथे थांबू शकले नाही. मिरवायच्या हौसेपायी मी पोटच्या पोरीसारख्या भाचीला एकटं पाडलं होतं. त्यानंतर मी कुणालाच मुलाखतीची वाक्यं बसवून दिली नाहीत. वृषाली माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं.

पुढे दाजींचं विसरणं सगळ्या गल्लीला कळलं. एकदा ते अनवाणी निघाले ते थेट पंचगंगेच्या घाटावर सापडले. तोवर मैथिली शाळेत जायला लागली होती. वृषाली येऊन भेटून गेली, तेव्हा आक्का तिला म्हणाली, "अलीकडेच सुरू झालंय गं." शेवटची काही वर्षं दाजींना आक्काच्या पदराचं टोक हातात लागायचं. ती ओट्याशी उभी राहिली की ते मागे टोक धरून उभे. ते गेले तेव्हाही त्यांच्या मुठीत ते होतं.

त्यानंतर एका दुपारी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. आक्का मान वर न करता म्हणाली, "कुंदा, तू ते मुलाखतीचं शिकवणं माझ्यामुळं सोडलंस ना?"

"तुझ्यामुळं कशाला? माझ्यामुळं. तुला मराठीत बोलू दिलं असतं तर..."

"मराठीत बोलले असते तर चुकायला जागाच नव्हती."

मला कळेना ती काय म्हणतेय.

"तू चांगलं शिकवलं होतंस गं," ती म्हणाली. "कुठल्या शब्दाने दार उघडतं नि कुठल्याने बंद होतं, सगळं ध्यानात आलं होतं माझ्या. मी बंद होणारा उचलला."

हातातली जुडी मी खाली ठेवली. "का?"

"यांना कुठं टाकून जाणार होते? तेव्हाच सुरू झालं होतं सगळं. गॅस चालू ठेवून निघून जायचे. एकदा मलाच म्हणाले, बाई, उशीर झालाय, तुमच्या घरी वाट बघत असतील."

"मग वृषालीला सांगायचं!"

"काय सांगायचं? बाप विसरायला लागलाय? पोटावर हात ठेवून पहिल्या विमानानं आली असती ती. दोन गेली होती तिची. आणि कारण न सांगता येत नाही म्हटलं असतं, तर जन्मभर तिच्या मनात राहिलं असतं की आई आली नाही. म्हटलं, परक्या सरकारनं नाही म्हटलं की कुणाला बोल लागत नाही."

"मला लागला," मी म्हटलं.

"लागला," आक्का म्हणाली. "ते आधी सुचलं नव्हतं मला. नि सुचलं तेव्हा गप्प बसले. ते पाप माझ्या डोक्यावर आहे."

मला तिचा राग यायला हवा होता. आलाही. "मला तरी विश्वासात घ्यायचंस! मी म्हटलं होतं ना, मी बघीन त्यांच्याकडे?"

आक्काने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"त्या दिवशी सकाळपर्यंत तेच ठरवलं होतं मी. तू आलीस की तुला सगळं सांगायचं. त्यांना तुझ्याकडे ठेवायचं नि जायचं. तू आलीस. यांनी दारात विचारलं, कोण पाहिजे आपल्याला. मी मागून बघत होते. ते थट्टा करत नव्हते कुंदा. त्यांनी तुला ओळखलंच नव्हतं. आणि तू हसलीस."

खाली ठेवलेली जुडी मी उगाच परत उचलली.

"मला वाटलं, हिला यांच्या तोंडाकडे बघून कळत नाही, तर ही यांना कशी सांभाळणार," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "तू गेल्यावरही हे अंधार पडेस्तोवर मीटरखाली बसून होते. जेवायला उठेनात. मीटर नेलं तर पोरीचा फोन यायचा नाही, म्हणत होते."

चाळीस वर्षांच्या ओळखीचा माणूस दारात घाबरून उभा होता, आणि मी त्याला आणखी घाबरवून, हसत आत गेले होते.

"वृषालीला यातलं काही सांगू नकोस," आक्का म्हणाली. "माझ्यापेक्षा बाबा महत्त्वाचे होते का, असं म्हणेल. तुला अचूक शब्दाशिवाय राहवत नाही, म्हणून मुद्दाम सांगतेय."

मागच्या वर्षी आक्का गेली. घर आवरायला वृषाली एकटीच आली. सगळं आटोपल्यावर आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. ती पायरीवर, मी वेताच्या मोड्यावर. दाजींची लाकडी खुर्ची मीटरखाली होती, तिच्यावर कुणीच बसलं नाही.

"मावशी, एक विचारू?" ती म्हणाली. "आई मैथिलीशी फोनवर इंग्लिशच बोलायची, माहितीय ना? मोडकं, पण शब्द बरोब्बर. बाबा गेल्यावर मैथिली तिला म्हणाली, आज्जी, आय विल लुक आफ्टर यू. तर आई म्हणाली, नो, नो. जस्ट बी विथ मी."

ती पायरीवरून माझ्याकडे वळली.

"एवढा फरक कळणारी बाई त्या दिवशी कशी चुकली?" तिने विचारलं. "कुडन्ट की वुडन्ट, मावशी? तिला येता आलं नाही, की तिने यायचं नाही असं ठरवलं? मला एकदा खरं सांग."

अचूक शब्द माझ्या जिभेवर होता. जन्मभर मी दुसऱ्यांचे शब्द दुरुस्त केले होते, आणि आता पन्नाशीकडे झुकलेली आक्काची लेक लहान मुलीसारखी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"कुडन्ट," मी म्हटलं. "चूक माझीच होती गं. एकासारखे दहा शब्द मी तिच्यापुढे टाकले. वर मराठीत बोलू दिलं नाही. खिडकीपाशी गोंधळली बिचारी. आणि ती शिकली ती नंतर, मैथिलीशी बोलून बोलून."

"पण तिला यायचं होतं?"

"बॅग भरून ठेवली होती तिने. तुझ्या बाळासाठी लुगडी धुऊन, मऊ करून."

हे तरी खरं होतं. वृषाली रडायला लागली, आणि रडता रडता तिने पुढे होऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"जाऊ दे मावशी," ती म्हणाली. "मी तुला फार बोलले तेव्हा. आता मनात ठेवू नकोस."

मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. जी चूक मी केलीच नव्हती तिची माफी मला मिळाली होती. जी केली होती तिची ज्यांच्याकडे मागायची, त्यांची खुर्ची समोर मीटरखाली रिकामी होती.